चौदा जोर
आज पहाटे गच्चीवर सतरंजी टाकून स्वतःची परीक्षा घेतली. वय 46. आधी जोर. छाती जमिनीपासून चार बोटांवर आली तरच मोजायचा, असं ठरवलं होतं. 14 झाले. पंधराव्याला कोपरं थरथरायला लागली, नाकावरून घामाचा थेंब सतरंजीवर पडला, तिथेच थांबलो. बैठका मात्र सलग 40! रोज चार जिने चढतो, त्याचंच हे फळ असणार. प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं, 50 सेकंद. कंबर झुकली की वेळ बंद, हे लेकीने घड्याळ धरून कडक पाळलं. मग तीही शेजारी आडवी झाली, फार बरं वाटलं. आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवलेत. सहा आठवड्यांनी पुन्हा हेच, ह्याच क्रमाने. क्रम बदलला तर तुलनाच होत नाही. उद्यापासून रोज 12 सूर्यनमस्कार. सोबत कोण येतंय?