पो नगरमधली ओटी

व्हिएतनाममध्ये आम्हा परदेशी टूर मॅनेजरना स्थळाची माहिती सांगता येत नाही. ते काम परवाना असलेल्या स्थानिक गाईडचं. तो इंग्रजीत सांगतो, आम्ही शेजारी उभे राहून मराठीत सांगतो. बाकीचा दिवस हेडकाउंट, जैन जेवण आणि कुणाच्या गुडघ्याला किती पायऱ्या झेपतील यात जातो. पण न्हा ट्रांग या समुद्रकाठच्या शहरातल्या पो नगरचा तो दिवस डोक्यातून जात नाही.

काइ नावाची नदी समुद्राला मिळते तिथल्या टेकडीवर हे चाम लोकांचं देवस्थान आहे. पूर्वी या किनाऱ्यावर राज्य होतं ते या चामांचं, आणि त्यांचे राजे हिंदू देव पूजायचे. लाल विटांची चार देवळं उरलीत. मी गेस्टना आधी भिंतीजवळ नेतो. दोन विटांमध्ये चुन्याची रेघ दिसत नाही, नख शिरत नाही. वीट कशाने जोडली यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. नक्षीसुद्धा भिंत उभी राहिल्यावर विटेतच कोरलेली. हे पाहायला दहा मिनिटं तरी हवीत, आणि आमच्या कार्यक्रमात सगळ्या देवस्थानाला मिळून पाऊण तास असतो. शॉपिंगला दीड.

त्या गटात कोल्हापूरच्या एक काकू होत्या. हिरवा खण आणि हळदकुंकू घरून आणलेलं. इथे सगळीकडे शहाळी. सोललेला नारळ त्यांनी सकाळी बाजारात शोधून घेतला होता. बँकेतून निवृत्त झालेले एक काकाही होते. मुख्य देवळात दहा हातांची देवी मांडी घालून बसलेली, अंगावर भरजरी झगा, समोर उदबत्त्यांचा धूर. बाहेर आल्याबरोबर काका मोठ्याने म्हणाले, "हे आपलं देऊळ. यांनी बळकावलं आणि आपल्या देवीला चिनी झगा घातला. मूळचे लोक तर संपलेच."

गाईडला मराठी येत नव्हतं, पण सूर कळला. काय म्हणतायत, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. तो एवढंच म्हणाला, की त्याची आजी घरात कुणी आजारी पडलं की इथेच यायची.

मग मी सगळ्यांना सावलीत बसवलं आणि गाईडला सुरुवातीपासून सांगायला लावलं. 774 मध्ये समुद्रातून आलेल्या हल्लेखोरांनी इथलं जुनं लाकडी देऊळ जाळलं, शिवाचं मुखलिंग, म्हणजे चेहरा कोरलेलं लिंग, पळवलं. 784 मध्ये सत्यवर्मन राजाने ते पुन्हा बांधलं. 918 मध्ये तिसऱ्या इंद्रवर्मनाने भगवतीची सोन्याची मूर्ती बसवली. ती शेजारच्या कंबोडियातल्या ख्मेरांनी लुटली, तेव्हा 965 मध्ये दगडाची आली. 1653 मध्ये हा मुलूख चाम राजाकडून व्हिएतनामी न्गुयेन सरदारांकडे गेला. नव्या लोकांनी देवी मोडली नाही, आपली आई मानली. कलिंगडाच्या शेतात सापडलेली मुलगी अगरूच्या सुगंधी लाकडाच्या ओंडक्यात शिरून समुद्रापार गेली, राजपुत्राशी लग्न करून दोन मुलांसह परतली, ही त्यांची कथा. ती सांगणारा 1856 चा शिलालेख तिथेच आहे.

एवढं सांगून गाईडने पलीकडे बोट केलं. तिथे एक बाई मडकं घडवत होती. चाक नाही. मडकं ठोकळ्यावर स्थिर, आणि ती कमरेत वाकून त्याच्याभोवती उलट्या पावलांनी फिरत होती. ओल्या फडक्याने काठ गुळगुळीत होत होता. काकांनी मघाशी तिचाच व्हिडिओ काढला होता. ती बाउ च्रुक गावची, चाम. तिच्या समाजातल्या एका शाखेत आजही पुजारी काते या वार्षिक सणाला देवाला स्नान घालून वस्त्र नेसवतात. संपलेले लोक म्हणजे हे.

काका गप्प झाले, पण त्यांना पटलं नाही. काकूंनी मात्र आत जाऊन खण-नारळ ताटात ठेवला. देवीचं वस्त्र भक्तांनीच दिलेलं असतं, तिसऱ्या चांद्र महिन्यात उत्सवाच्या वेळी ते बदलतात. त्यामुळे तिथल्या सेवेकरी बाईंना खणाचं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी तो घडी करून आत ठेवला. बाहेर आल्यावर काकूंनी मला विचारलं, "त्या मडकेवालीला कुंकू लावलं तर चालेल का हो?" मी गाईडला विचारलं, त्याने तिला. तिने मातीचे हात मागे घेतले आणि कपाळ पुढे केलं.

फीडबॅक फॉर्मवर काकांनी लिहिलं, "टूर मॅनेजरने हिंदूंची बाजू मांडली नाही." ऑफिसचं म्हणणं, वाद नको, पुढच्या वेळी "दुर्गामातेचं मंदिर" एवढंच सांगून पुढे निघायचं. हे मला मान्य नाही. भगवतीचं नाव तिथल्या संस्कृत लेखांत आहे, ते मी अभिमानाने सांगतो. पण जी माणसं आज तिची पूजा करतात त्यांच्यासमोर त्यांना चोर म्हणणं ऐकून मी पुढे जाणार नाही.

तरी एक गोष्ट सुटत नाही. काकूंनाही ती आपलीच देवी वाटत होती. मग राग मला फक्त काकांचाच का आला? काकूंनी काही मागितलं नव्हतं म्हणून, की ओटी मला लहानपणापासून ओळखीची म्हणून?

फान रांगला, शंभरेक किलोमीटर दक्षिणेला, पो क्लोंग गराई हे चामांचं देऊळ आहे. पुढच्या डिपार्चरला काते सणाच्या सुमारास तिथे गट नेऊ द्या, असा मेल मी केला आहे. शॉपिंगचा वेळ कापावा लागेल म्हणून तो अजून अडकून आहे.