बॅटरी बंद करा

भीमाशंकरला मी पाच-सहा वेळा तरी गेलो असेन, म्हणजे देवळात. पायऱ्या उतरायच्या, दर्शन घ्यायचं, धापा टाकत वर यायचं आणि भजी खायची. भोवती शेकरूसाठी १९८५ साली राखलेलं सुमारे १३० चौरस किलोमीटरचं रान आहे, हे फक्त वाचलेलं. शेकरू एकदाच दिसलं, तेही शेपटीपुरतं.

गेल्या पावसाळ्यात त्याच रानातल्या आहुपे गावाकडे मुक्काम पडला. रात्री जेवणं झाल्यावर घरधनी म्हणाले, "चला, लाकडं दावतो."

लाकडं काय बघायची? पण यजमानांना नाही कसं म्हणणार! रेनकोट चढवून निघालो. गावाला लागूनच झाडी सुरू होते. तिथं थांबून ते म्हणाले, "आता बॅटरी बंद करा."

बंद केली. काही म्हणजे काही दिसेना. पानांवरून ठिबकणारं पाणी, बेडकं, आणि रेनकोटच्या टोपीत घुमणारा माझाच श्वास. हात आपसूक मोबाइलकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या. डोळ्यांना जरा सवड द्या."

डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल उजळला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आमच्या घरी वीज गेली की पाचव्या सेकंदाला इन्व्हर्टर लागतो, आणि त्या पाच सेकंदांतही तिघं ओरडतात.

मग पायाशी एक फांदी फिकट हिरवी झाली. तिच्या शेजारी सालीचा तुकडा. मग हळूहळू सगळा उतारच, कुणी चांदणं चुरून टाकल्यासारखा. कुजक्या लाकडातल्या बुरशीचा हा उजेड. तिच्यातल्या रसायनाचा प्राणवायूशी संयोग झाला की तो पडतो. बोट लावून पाहिलं, तर गार आणि बुळबुळीत. लाकूड वाळलं की संपलं, म्हणून हा खेळ पावसाळ्यापुरताच. फोटो काढला, त्यात निव्वळ काळं आलं.

सकाळी पुन्हा तिथंच गेलो. तपकिरी, सडक्या काटक्या. एकीवर तर पाय देऊनच उभा होतो.

घरी आल्यावर बूट धुताना तळाच्या चिखलात सालीची एक ढलपी निघाली. पाणी शिंपडलं, बाथरूमचा दिवा घालवला आणि स्टुलावर बसून राहिलो. दहाव्या मिनिटाला दार वाजलं.

"बाबा, आत आहात ना? मग दिवा का बंद?"