फ्रिजचं वीजबिल त्याच्या पाठीमागे ठरतं

फ्रिज वीज जास्त खातोय असं वाटलं की पहिला ओरडा दाराच्या उघडझापीवरून होतो. जरा हिशेब करू. २५० लिटरच्या फ्रिजमधली सगळी हवा बाहेर गेली आणि ३० अंशांची दमट हवा आत आली, तरी ती ४ अंशांवर आणायला, आत धरणाऱ्या दवाची उष्णता मोजूनसुद्धा, जेमतेम १५ किलोज्यूल उष्णता उपसावी लागते. ८० अंशांचं दोन लिटर पाणी तसंच आत ठेवलं तर हाच आकडा ६३० च्या वर जातो. म्हणजे चाळीसहून जास्त वेळा दार उघडल्यासारखं. तेच भांडं आधी बाहेर ३० अंशांपर्यंत निवू दिलं तर जवळजवळ दोन तृतीयांश काम फुकटात होतं. शिजवलेलं अन्न मात्र दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको. भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवलं की लवकर निवतं.

आता मूळ मुद्दा. फ्रिज आतली उष्णता उपसून खोलीत टाकतो, आणि ती टाकायला त्याला जितका त्रास तितकं बिल जास्त. खोली २४ ऐवजी ३२ अंशांवर असेल तर आतल्या ४ अंशांशी फरक २० वरून २८ होतो. फ्रीझर सोडून उरलेल्या भागात भिंतींतून झिरपणारी उष्णता थेट ४० टक्क्यांनी वाढते. शिवाय कॉम्प्रेसरला गॅस जास्त दाबाने ढकलावा लागतो, तो खर्च वेगळाच. म्हणून शेगडी, ओव्हन आणि खिडकीतलं ऊन यांच्यापासून फ्रिज लांब हवा.

मागे काळी जाळी दिसत असेल तर तोच कंडेन्सर, म्हणजे उष्णता खोलीत टाकणारा भाग. भिंतीपासून निदान पाच ते दहा सेंटिमीटर अंतर ठेवा आणि वरूनही हवा निघू द्या. प्लग काढून मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने जाळीवरची धूळ वर्षातून दोनदा काढा. घरात कुत्रा-मांजर असेल तर जास्त वेळा. जाळी दिसत नसेल आणि बाजूचे पत्रे गरम लागत असतील तर कंडेन्सर त्या पत्र्यांच्या आत आहे. अशा फ्रिजला बाजूनेही मोकळी जागा लागते. काही जण वीज वाचवायला बाहेरून थर्माकोल चिकटवतात. या फ्रिजला ते केलं तर बरोबर उलटं होतं: उष्णता अडकते आणि कॉम्प्रेसर थांबत नाही.

दाराचं रबर, म्हणजे गॅस्केट, हा दुसरा मोठा चोर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा; थोडा अडथळा जाणवला पाहिजे. दर दहा-पंधरा सेंटिमीटरवर अशी तपासणी करा, बिजागरीची बाजू आणि कोपरे सोडू नका. सैल लागलं तर आधी घड्यांमधली घाण कोमट साबणाच्या पाण्याने काढा, बरेचदा तेवढंच पुरतं. रबर चपटं झालं असेल तर हेअर ड्रायरच्या मध्यम उष्णतेने मऊ करून बोटांनी बाहेर ओढा आणि दार काही तास बंद ठेवा. चिरलं असेल किंवा आतलं चुंबक धरत नसेल तर मॉडेल नंबर पाहून नवीन बसवा. पुढचे पाय किंचित उंच केले की दार आपोआप लागतं.

थर्मोस्टॅटवरचे १ ते ७ हे आकडे अंश नव्हेत. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर ठेवून ग्लास रात्रभर मधल्या फळीवर ठेवा. सकाळी ३ ते ५ अंश दिसले की झालं. फ्रीझरला उणे १८ पुरे. त्याहून गार म्हणजे नुसता खर्च.

साध्या, म्हणजे डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये बर्फ अर्ध्या सेंटिमीटरवर गेला की डीफ्रॉस्ट करा. सुरीने खरवडू नका; बर्फामागचा पत्रा भोसकला की गॅस जातो आणि फ्रिजही जवळपास गेलाच. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये, म्हणजे आपला बर्फ हीटरने आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये, बर्फ दिसू नये. मागच्या पॅनलवर बर्फ धरला असेल तर डीफ्रॉस्टचा हीटर किंवा सेन्सर गेलेला असू शकतो. हवेच्या झडपांसमोर डबे रचू नका. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने तापमान स्थिर राहतं, पण वीज फारशी वाचत नाही.

मोजायचं असेल तर प्लगला लावायचा मीटर वापरा. तासाभराचं रीडिंग निरुपयोगी, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होतो आणि डीफ्रॉस्ट हीटर मध्येच वीज घेतो. सलग दोन-तीन दिवसांचे युनिट घ्या, मग एकावेळी एकच बदल करून पुन्हा मोजा. एवढं करूनही डायरेक्ट कूल फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबत नसेल आणि फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरत असेल, तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्या. तिथे स्वतः हात घालू नका: बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो आणि तो पेट घेतो.