बांबूतला बिबट्या आणि फोटोतले दाणे

ताडोबात संध्याकाळी जिप्सी गेटकडे वळली आणि बांबूच्या बेटात बिबट्या दिसला. उजेड जवळजवळ गेलेला. फोटोत दाणे, म्हणजे नॉइज, येतील या धास्तीने मी आयएसओ (कॅमेऱ्यात फोटो किती उजळ करायचा तो आकडा) १६०० च्या वर नेलाच नाही. फोटो काळाकुट्ट. घरी लॅपटॉपवर तीन स्टॉप, म्हणजे आठपट, उजळला, तर खांद्यावरच्या ठिपक्यांत लाल-हिरवे कण नुसते वळवळत होते. नॉइज घालवायला स्लायडर ओढला. कण गेले, पण मिशाही पुसल्या गेल्या. फार हळहळलो.

दोष आयएसओचा नसतो हो. सेन्सरवर प्रकाशच कमी पडला की कण दिसणारच, आणि अंधारा फोटो मागाहून उजळला की ते आणखी उठून दिसतात.

आता ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगतो, लेन्स बीनबॅगवर टेकवतो. जनावर निवांत बसलेलं असेल तर शटरचा वेग १/१२५ सेकंदापर्यंत खाली आणतो, म्हणजे प्रकाश जास्त वेळ आत येतो, आणि आयएसओ बेधडक ६४००. फाइल रॉच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. नॉइज रिडक्शन फक्त मागच्या बांबूवर. अंगावरच्या केसांना हात लावत नाही.

गेल्या हिवाळ्यात असाच एक बिबट्या मिळाला. कानाच्या कडेचा केस न् केस दिसतो. थोडे दाणे आहेत, ते राहू दिलेत.