तुपाच्या गोष्टीतला चेहरा

"आई, आफ्रिकेत वाघ असतात?" जुन्या पुस्तकांच्या स्टॉलवर 'लिटल ब्लॅक सॅम्बो' चाळत एका मुलीने विचारलं. आई गप्प. तो प्रश्न दिवसभर डोक्यातून जाईना.

गोष्टीत वाघ आहेत, कारण ती भारतातली आहे. भारतात राहणाऱ्या हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंचं हे पुस्तक १८९९ साली लंडनमध्ये निघालं. शेवटी वाघ पळून पळून वितळतात आणि त्यांचं चक्क तूप होतं!

पण चित्रांतल्या सॅम्बो या काळ्या मुलाचा चेहरा? तो अमेरिकेतल्या मिन्स्ट्रेल खेळांतला, म्हणजे काळ्या माणसांची नक्कल करून हसवणाऱ्या खेळांतला. तिथे गोरे नट जाळलेल्या बुचाची पूड पाण्यात कालवून तोंडाला फासत. ओठांभोवतीची जागा मात्र कोरी सोडत किंवा लाल-पांढरी रंगवत. त्यामुळे तोंड दुप्पट दिसे, डोळे बटबटीत. पुढे कितीतरी चित्रकारांनी माणूस पाहिलाच नाही, हा मेकअपच गिरवला. अमेरिकेतल्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये तर तो आणखी भडक झाला.

अशी पुस्तकं काळ्या मुलांना किती दुखावतात, हे कवी लँग्स्टन ह्यूज यांनी १९३२ मध्येच सांगितलं होतं.

१९९६ मध्ये चित्रकार फ्रेड मार्सेलिनो यांनी याच गोष्टीचा मजकूर जवळजवळ तसाच ठेवून पात्रांची नावं बाबाजी, मामाजी, पापाजी केली आणि भारतीय माणसं काढली. गोष्ट कुठेच अडली नाही.

मग इतकी वर्षं ते ओठ कुणासाठी रंगवले जात होते?