मागच्या सीटचा पट्टा

नाशिकमध्ये द्वारका चौकातून मुंबई नाक्याकडे येताना परवा एक फलक दिसला : 'अजूनही बहुसंख्य लोक मागे बसल्यावर पट्टा लावत नाहीत. तुम्ही लावा.' हेतू चांगला आहे, पण यातले पहिले वाक्य दुसऱ्यावर पाणी फिरवते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या अश्मीभूत (दगड बनलेल्या) लाकडाच्या राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी हेच पडताळून पाहिले होते. 'अनेक जण लाकूड उचलून नेतात' असे खेदाने सांगणाऱ्या पाटीमुळे चोरी वाढली, कारण सगळेच करतात म्हटल्यावर मनाची टोचणी बोथट होते. उलट, २००२-०३ मध्ये मोंटाना राज्यातील मोहिमेने 'आपल्यापैकी बहुतेक जण पट्टा लावतात' एवढेच सांगितले.

अर्थात, असे सांगायला ते खरे असावे लागते, आणि नाशिकमध्ये मागच्या सीटबद्दल मी तरी तसे म्हणू धजणार नाही.

भीतीचा उपयोगही थोडाच काळ होतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा आमच्या घरी महिनाभर सर्वांनी पट्टे लावले. पुढे १,००० रुपयांच्या दंडाची आठवणही पुसट झाली. टिकला तो पुतणीचा हट्ट : "आजी, तू पट्टा लावल्याशिवाय काका गाडी सुरू करणार नाही." आई कुरकुरली, पण नातीपुढे तिचे काही चालेना. मात्र पट्ट्याचे कुलूप सापडेना. हौसेने शिवून घेतलेल्या सीट कव्हरखाली ते दोन वर्षे दडपून पडले होते, आणि शेवटी कात्रीने शिवण उसवावी लागली.