चिंगी, बंड्या आणि जंतांचे औषध : पाच महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ठाण्यात सलग तीन दिवस पाऊस कोसळत असताना, चरईतल्या आमच्या जुन्या इमारतीच्या जिन्याखाली मांजरीचे एक पिल्लू ओरडताना आढळले. त्याची आई दोन दिवस कोणालाच दिसली नव्हती. सासूबाईंनी त्याला पंच्यात गुंडाळून वर आणले आणि त्याच संध्याकाळी त्याचे नाव चिंगी पडले. आमच्याकडे बंड्या नावाचा चार वर्षांचा बोका आधीपासून होता, त्यामुळे मांजर सांभाळणे आम्हाला नवीन नव्हते. जंतांच्या औषधाबद्दल मात्र मला किती अपुरी माहिती होती, हे पुढच्या पाच महिन्यांत टप्प्याटप्प्याने लक्षात आले.

चिंगीच्या फासळ्या हाताला लागत होत्या आणि पोट मात्र टम्म फुगलेले होते. उपाशी पिल्लाने अधाशासारखे खाल्ल्यामुळे तसे झाले असावे, असे आम्ही समजलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलटी झाली आणि त्यात शेवयांसारखे दोन पांढरट जंत वळवळताना दिसले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते टाकून देऊ नकोस, डॉक्टरांना दाखव." मी त्यातला एक जंत औषधाच्या रिकाम्या बाटलीत ठेवला, चिंगीला झाकणाच्या टोपलीत घातले आणि रिक्षाने पाचपाखाडीतल्या पशुवैद्यांकडे गेले. सासूबाईंच्या त्या एका वाक्यामुळे निदान पाच मिनिटांत झाले.

डॉक्टर मॅडमनी सांगितले की हा गोलकृमी आहे आणि तो पिल्लाला बहुतेक आईच्या दुधातूनच मिळतो. मांजरीच्या शरीरात या कृमीच्या अळ्या स्नायूंमध्ये सुप्तावस्थेत पडून असतात. ती पिल्लांना पाजू लागली की त्या जाग्या होतात आणि दुधावाटे पिल्लांच्या पोटात उतरतात, त्यामुळे आई वरवर धडधाकट दिसत असली तरी पिल्लांना जंत असतातच असे गृहीत धरून उपचार सुरू करतात. पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासूनच हे औषध देता येते, हे ऐकून मला खरोखर आश्चर्य वाटले, कारण लसीकरणाच्या वेळी एकदा गोळी दिली की काम झाले, अशी माझी तोपर्यंतची समजूत होती.

चिंगी साधारण सहा आठवड्यांची होती आणि तिचे वजन ६०० ग्रॅम भरले. तिच्यासाठी पायरँटेल नावाचे पातळ औषध लिहून दिले गेले आणि मात्रा सुईविना सिरिंजवर खूण करून दाखवली गेली. या औषधांच्या बाटल्यांमध्ये एका मिलिलिटरमागे औषधाचे प्रमाण वेगवेगळे असते, त्यामुळे शेजारणीने तिच्या मांजराला अर्धा मिलिलिटर दिले होते म्हणून आपणही तेवढेच द्यावे, असे करता येत नाही, हे मॅडमनी दोनदा बजावले. पहिला डोस ६ जुलैला झाला. दुसरा २० जुलैला आणि तिसरा ३ ऑगस्टला द्यायचा होता, आणि त्यानंतर सहा महिन्यांची होईपर्यंत दर महिन्याला एक.

इतक्या वेळा का, असे मी विचारले, आणि त्याचे उत्तर मला या सगळ्या अनुभवातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. पायरँटेल आतड्यातल्या जंताला लुळे पाडते, त्याची आतड्यावरची पकड सुटते आणि तो शौचावाटे बाहेर पडतो. पण गोलकृमीची पोटात गेलेली अंडी फुटली की त्यातल्या अळ्यांपैकी अनेक थेट आतड्यात राहत नाहीत. त्या यकृतातून फुप्फुसात जातात, तिथून श्वासनलिकेतून घशाशी येतात, गिळल्या जातात आणि मग आतड्यात येऊन मोठ्या होतात. प्रवासात असलेल्या या अळ्यांपर्यंत औषध पोहोचत नाही. पहिल्या डोसने आतड्यातले जंत जातात, वाटेवरच्या अळ्या दोन आठवड्यांत आतड्यात उतरतात आणि त्यांच्यासाठी दुसरा डोस असतो. शिवाय दूध पिणाऱ्या पिल्लाला नव्या अळ्या मिळतच राहतात. तारीख चुकवली तर आधीचा डोस बऱ्याच अंशी वाया जातो, हे एकदा समजल्यावर मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर नोव्हेंबरपर्यंतच्या सगळ्या तारखा लिहून टाकल्या. पहिल्या डोसनंतर दुसऱ्या दिवशी चिंगीच्या शौचात जंतांचा अक्षरशः गुंता पडला. ते पाहून मी घाबरले, पण औषध लागू पडल्याची ती खूण होती.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला बंड्याच्या गादीवर तांदळाच्या कणीएवढे पिवळट दाणे दिसले. काही वाळून तिळासारखे झाले होते, एक मात्र ओला होता आणि हळूच आखडत-पसरत होता. ३ ऑगस्टला चिंगीचा तिसरा डोस देताना मी त्याच बाटलीतले औषध वजनाच्या हिशेबाने बंड्यालाही दिले, कारण जंतांचे औषध सगळ्या जंतांवर चालत असणार असे मी धरून चालले होते. आठवडा उलटला तरी दाणे येतच राहिले.

१२ ऑगस्टला बंड्याला घेऊन गेले तेव्हा मॅडमनी माझ्या मोबाइलवरचा फोटो पाहताच सांगितले की हे पट्टकृमीचे तुकडे आहेत. पट्टकृमी म्हणजे चपट्या फितीसारखा लांब जंत. त्याच्या शेपटाकडचे अंड्यांनी भरलेले खंड सुटे होऊन बाहेर पडतात आणि तेच आपल्याला तांदळासारखे दिसतात. पायरँटेलचा या जंतावर परिणाम होत नाही, त्याला प्राझिक्वांटेल लागते. मांजरांसाठीच्या अनेक गोळ्यांमध्ये ही दोन्ही औषधे एकत्र असतात. बंड्याला लिहून दिलेल्या गोळीत चार किलो वजनासाठी २० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल आणि २३० मिलिग्रॅम पायरँटेलचा क्षार होता. बंड्याचे वजन मी अंदाजाने चार किलो सांगितले होते. काट्यावर ते ५.१ किलो भरले आणि एका गोळीऐवजी दीड गोळी ठरली. शौचाची तपासणी केली तर चालणार नाही का, असेही मी विचारले होते. मिठाच्या द्रावणात अंडी तरंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या त्या तपासणीत गोलकृमी सहसा सापडतात, पण पट्टकृमीची अंडी त्या खंडांमध्येच बंद राहत असल्याने तपासणी निर्दोष आली तरी जंत असू शकतो, म्हणून घरच्या माणसाने पाहिलेले दाणे हाच भरवशाचा पुरावा असतो, असे मॅडम म्हणाल्या.

गोळी देणे हे वेगळेच प्रकरण ठरले. पहिल्यांदा मी ती कुस्करून उकडलेल्या मांदेलीत मिसळली. प्राझिक्वांटेल अतिशय कडू असते. बंड्याने एक घास घेतला आणि त्याच्या तोंडाला इतका फेस आला की विषबाधा झाली असे वाटून माझे हातपाय गळाले. दवाखान्यात फोन केल्यावर कळले की तो फेस केवळ कडू चवीमुळे येतो आणि थोड्या वेळात थांबतो. तो थांबलाही. मासे मात्र बंड्याने पुढे चार दिवस हुंगलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला जाड टॉवेलमध्ये मानेपर्यंत गुंडाळून, पाठ स्वतःच्या पोटाशी येईल अशा रीतीने मांडीवर घेतले. मी एका हाताने त्याचे डोके वरून धरून किंचित मागे झुकवले, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडला आणि लोणी चोपडलेला गोळीचा तुकडा जिभेच्या अगदी मागे ठेवून तोंड मिटले. लगेच सिरिंजने गालाच्या कडेतून पाच मिलिलिटर पाणी थोडे थोडे करून दिले. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते, त्यामुळे गोळीनंतरचे पाणी टाळू नये. या वेळी दाणे थांबले. गोळीनंतर मेलेला जंत बाहेर पडलेला दिसला नाही म्हणून मला शंका आली होती, पण प्राझिक्वांटेलने पट्टकृमीचे आवरण फाटते आणि तो आतड्यातच पचून जातो, हे नंतर समजले.

याच सुमारास इमारतीतल्या एका ओळखीच्या बाईंनी, मुलांना शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनी जी गोळी देतात तीच अर्धी करून मांजराला द्यावी, असे सुचवले. माझ्या मुलालाही शाळेत ती मिळाली होती. ती अल्बेंडाझोलची असते आणि मुलांसाठी योग्यच आहे, परंतु मांजरांमध्ये अल्बेंडाझोलमुळे अस्थिमज्जेचे काम मंदावून रक्तपेशी कमी होऊ शकतात. ही गोष्ट मी डॉक्टरांना विचारल्यामुळे कळली, आणि विचारले नसते तर काय झाले असते या विचाराने आजही मन अस्वस्थ होते.

सप्टेंबरच्या मध्यावर दाणे पुन्हा दिसले. गोळीच निकामी होती असे मला वाटले. मॅडमनी शांतपणे विचारले, "पिसवा पाहिल्यात का?" ऑगस्टमध्येही त्यांनी हेच विचारले होते आणि बंड्या घराबाहेर जात नाही, तेव्हा पिसवा कुठून असणार, असे मी सांगून टाकले होते. आता त्यांनी उवा-लिखांच्या बारीक फणीने बंड्याच्या शेपटीच्या मुळाशी विंचरले, फणीला लागलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवले आणि कापूस तांबूस झाला. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजेच पचलेले रक्त. चिंगी जिन्याखालून येतानाच पिसवा घेऊन आली होती. या पट्टकृमीची अंडी पिसवेची अळी खाते, ती अळी मोठी होऊन पिसू बनते, मांजर अंग चाटताना तिला गिळते आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा दाणे पडू लागतात. गोळी तिच्या दिवशी जे आतड्यात आहे तेवढेच मारते, तिचा प्रभाव पुढे शिल्लक राहत नाही. ऑगस्टमधली गोळी लागू पडली होती. नवा जंत मी घरात राहू दिलेल्या पिसवांमधून आला होता.

मग दोघांनाही वजनानुसार गोळी आणि मानेच्या मागच्या कातडीवर सोडायचे मांजरांसाठीचे फिप्रोनिलचे थेंब सुरू झाले, दर महिन्याला एकदा, असे तीन महिने. चिंगी तोपर्यंत दीड किलोची झाली होती, म्हणून तिलाही ते चालले. कुत्र्यांसाठीचे पिसवांचे औषध घरात कोणाकडे असेल तर ते मांजराला लावू नये, कारण त्यांपैकी काहींमध्ये परमेथ्रिन असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतते. औषधापेक्षा घराची सफाई कष्टाची निघाली. पिसवांची अंडी मांजराच्या अंगावरून गळून गादीत, सोफ्याखाली आणि फरशीच्या फटींत पडतात आणि त्यांचे कोश कित्येक आठवडे तग धरतात. गाद्यांचे अभ्रे आठवड्यातून दोनदा गरम पाण्यात धुणे, सोफा हलवून कोपरे झाडणे आणि रोज संध्याकाळी दोन्ही मांजरे फणीने विंचरून फणी साबणाच्या पाण्यात बुडवणे, हे आम्ही दिवाळीपर्यंत एकही दिवस न चुकवता केले.

मधल्या काळात नणंद पाचव्या महिन्यात असताना आमच्याकडे राहायला आली आणि मांजरांमुळे बाळाला धोका होईल या भीतीने सासूबाईंची झोप उडाली. ज्याची भीती घातली जाते तो टॉक्सोप्लाझ्मा जंत नसून एकपेशीय जीव आहे, जंतांच्या गोळीने तो जात नाही, आणि अर्धकच्च्या मांसातूनही तो माणसाला होऊ शकतो. मांजराच्या विष्ठेतून तो बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. गोलकृमीच्या अंड्यांना तर काही आठवडे लागतात. म्हणून मातीचा ट्रे रोजच्या रोज साफ करणे, तो गरोदर बाईने न हाताळणे आणि हात साबणाने धुणे यावर डॉक्टरांनी भर दिला. ट्रेचे काम मी हातमोजे घालून सकाळ-संध्याकाळ केले. बंड्या रात्री नणंदेच्या पायाशी झोपत असे आणि तिने त्याला कधी उठवले नाही.

ऑक्टोबरपासून आजपर्यंत एकही दाणा दिसलेला नाही. चिंगीचा सहा महिन्यांपर्यंतचा शेवटचा डोस नोव्हेंबरअखेरीस झाला, तेव्हा ती अडीच किलोची होती. आता दोघांनाही दर तीन महिन्यांनी गोळी आहे आणि प्रत्येक गोळीच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांचे वजन करतो. चिंगीला पूर्वी स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यात बसवून तोलत असू. आता मी तिला कडेवर घेऊन मोठ्या काट्यावर उभी राहते आणि सासूबाई चष्मा लावून आकडा वाचतात. पुढची तारीख त्यांनीच कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.